दहाव्या दिवसाचा ताप

पहाटे ४:४०

शेलारमध्ये गजर लावावा लागत नाही. आमच्या घरामागच्या गाळ्यात यंत्रमाग रात्रभर चालतात. लग्न होऊन आले तेव्हा पहिले दोन महिने त्या खडखडाटाने डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता उलट झालंय. वीज जाऊन माग थांबले की मी दचकून उठते. आज माग चालू होते, तरी मी जागी होते. पडघ्याच्या मावशी, माझ्या रुग्ण; त्यांचा आज किमोनंतरचा दहावा दिवस, हे झोपेतही डोक्यात होतं.

आईंसमोर, म्हणजे सासूबाईंसमोर, मी हा शब्द उच्चारत नाही. आमच्याकडे दहावा म्हणजे नदीवरचा विधी. एकदा फोनवर बोलताना त्यांच्या कानावर पडलं, तर म्हणाल्या, "जित्या मानसाचा दहावा कशाला मोजतंस गो?" त्यांना समजावून सांगितलं, पटलंही. पण तेव्हापासून मी घरात 'मधला आठवडा' म्हणते.

आईंनी तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या, मी सुकटाची चटणी डब्यात भरली. मावशींच्या मुलाला मेसेज केला : ताप पाहिला का? उत्तर आलं : ९८.४, नाश्ता केला. मग चहा घशाखाली उतरला.

सकाळी ६:०५

नदीनाक्यावर रिक्षाची वाट पाहत होते. रात्रपाळी सुटलेले कामगार कामवारीच्या पुलावरून येत होते, केसांत कापसाची पांढरी भुकटी. त्यातला एक जण मला ओळखतो. मागच्या गाळ्यातलाच. गेले काही दिवस तोंड नीट उघडत नाही, तिखट झोंबतं, म्हणाला. मी त्याला तीन बोटं उभी जोडून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली.

तो मावा खातो. तंबाखूबरोबर सुपारीचा चुरा असतो त्यात. लोकांना वाटतं, दोष फक्त तंबाखूचा. सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, आणि गालाची आतली कातडी चामड्यासारखी घट्ट होते ती मुख्यतः सुपारीनेच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, म्हणून लोक मावा मळून घेतात. बारा तास उभं राहायचं, झोप येऊ द्यायची नाही, भूक मारायची. मावा सोड, एवढं म्हणणं सोपं असतं. मी त्याला गुरुवारच्या तपासणीची वेळ लिहून दिली आणि बायकोचा नंबर घेतला. पुरुष विसरतात, बायका विसरत नाहीत.

सकाळी ८:००

भिवंडीहून ठाण्याची बस अंजूरफाटा, काल्हेर, कशेळी, बाळकुम करत पोचते तेव्हा कंबर बोलायला लागलेली असते. रुग्णालयात जाऊन कामाची ओव्हर घेतली. डे केअरमध्ये आज सोळा नावं. प्रत्येकाचा सीबीसी, लिव्हर, किडनी, शेवटचा डोस, यादीत टिक केल्याशिवाय आम्ही कोणालाही खुर्चीवर बसवत नाही. एकाचे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ९०० निघाले. आमच्याकडे १५०० च्या खाली असले की डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जात नाही. वाड्याहून पहाटे चारला निघालेल्या माणसाला 'आज नाही, पुढच्या सोमवारी' सांगायचं काम बहुतेक वेळा सिस्टरच्याच वाट्याला येतं. मी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसले. उभ्याने सांगायची गोष्ट नव्हे ती. औषध लांबलं म्हणजे आजार वाढला असं नाही, तुमच्या हाडांतला कारखाना अजून सावरतोय, त्याला आठ दिवस देऊ, असं सांगितलं. आरोग्यमित्राला बोलावून सरकारी योजनेची मंजुरी पुढच्या तारखेसाठी चालते का, तेही त्यांच्यासमोर विचारून घेतलं. गरीब माणसाला औषध चुकण्याइतकीच कागद बाद होण्याची भीती असते.

सकाळी ९:१५

शहापूरच्या ताई, स्तनाचा कर्करोग, आज तिसरी सायकल. फाइलला वजनाची चिठ्ठी लावलेली : ५४ किलो. मी त्यांच्या ब्लाउजच्या बाहीकडे पाहिलं. गेल्या वेळी घट्ट होती, आज दंडाभोवती सैल लोंबत होती. काट्यावर उभं केलं. ४८.

चिठ्ठी मागच्या सायकलची होती, कोणीतरी पुन्हा तीच जोडली होती.

किमोचा डोस बहुतेक वेळा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतो. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोमध्ये, दोन्हींचा गुणाकार करायचा, ३६०० ने भागायचं, वर्गमूळ काढायचं. ताईंची उंची १५०. वजन ५४ असतं तर गुणाकार ८१००, भागिले ३६०० म्हणजे सव्वादोन, वर्गमूळ दीड. डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे ९०. वजन ४८ धरलं तर वर्गमूळ १.४१ आणि डोस ८५. पाच मिलिग्रॅमच्या फरकाने फार बिघडलं नसतं, असं कोणी म्हणेल. पण तीन आठवड्यांत सहा किलो का उतरले, हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. मी विचारला. तोंड आलं होतं, आठ दिवस पेजेवर काढले होते, आणि 'किमोत असं होतंच' असं शेजारणीने सांगितल्यामुळे फोन केला नव्हता. डॉक्टरांनी येऊन तोंड पाहिलं. जखमा भरल्या होत्या. डोस नव्याने लिहिला, आहारतज्ज्ञांना बोलावलं.

सकाळी १०:३०

औषधं मिसळण्याची खोली वेगळी आहे. हवा आत ओढणारं कपाट, आम्ही दुहेरी हातमोजे आणि मागे बांधायचा गाऊन घालून. कर्करोगाची पेशी मारणारं औषध निरोगी माणसाच्या पेशीलाही सोडत नाही, म्हणून गरोदर सिस्टरला आम्ही या खोलीकडे फिरकू देत नाही. सांडलं तर काय करायचं याची पेटी दाराशीच. रिकाम्या कुप्या, सिरिंज पिवळ्या पिशवीत, त्यावर वेगळं चिन्ह. तो कचरा १२०० अंशांहून जास्त तापमानात जाळायचा, असं २०१६ च्या नियमांत आहे.

डॉक्सोरुबिसिनला सगळे 'लाल औषध' म्हणतात. जास्वंदीच्या पाण्यासारखा रंग. ८५ मिलिग्रॅम म्हणजे साडेबेचाळीस मिली. ताईंच्या डाव्या बाजूचं ऑपरेशन झालंय, म्हणून शीर उजव्या हाताची. मनगट नको, कोपराची घडी नको. कोपराखालच्या मांसल भागात सरळ शीर मिळाली. शेजारच्या सिस्टरने आणि मी मिळून नाव, फाइल नंबर, औषध, डोस, तारीख मोठ्याने वाचलं. ताईंनी स्वतःचं नाव स्वतः सांगितलं. मग सलाइन वेगात चालू ठेवून बाजूच्या वाटेने हळूहळू लाल औषध. दर दोन-तीन मिलीला थांबायचं, मागे ओढून रक्त येतंय का पाहायचं, पुन्हा पुढे. आणि सारखं विचारायचं, "ताई, जळजळतंय का?"

हा प्रश्न मी एकदा विचारला नव्हता. त्याहून वाईट म्हणजे, न विचारता उत्तर मिळालं होतं आणि मी ते ऐकलं नव्हतं.

पहिली नोकरी होती, दुसऱ्या शहरात. एका मावशींच्या हाताच्या पाठीवर सुई, तेच लाल औषध. त्या म्हणाल्या, "शिस्टर, आग होते." मी म्हणाले, "थोडं सहन करा, औषध कडक असतं." मला तेव्हा कोणी शिकवलं नव्हतं की हे औषध शिरेबाहेर गेलं तर मांसातल्या पेशींत शिरतं, त्या मेल्या की त्यांतून सुटून शेजारच्या पेशींत जातं, म्हणून जखम आठवडेच्या आठवडे खोल जात राहते. कातडी फुगली तेव्हा मी घाबरून सुई उपसून टाकली. खरं तर औषध थांबवून, सुई तशीच ठेवून, जेवढं परत ओढता येईल तेवढं ओढायचं असतं, मग बर्फाचा शेक आणि लगेच डॉक्टर. त्या मावशींना पुढे दुसरीकडची कातडी काढून लावावी लागली. त्या भाजी विकायच्या. त्या हाताची मूठ पुन्हा पूर्ण मिटली नाही. कोणी मला रागावलं नाही, त्यासुद्धा नाही. पुढे परळला टाटा मेमोरियलमध्ये प्रशिक्षण घेताना हा धडा आला तेव्हा मी वर्गातून उठून बाहेर गेले होते.

ताईंचं औषध ११:०५ ला संपलं. हात स्वच्छ. दोन दिवस लघवी लालसर होईल, घाबरू नका, ते रक्त नव्हे, हे त्यांना आणि त्यांच्या मिस्टरांना वेगवेगळं सांगितलं. घरी जाऊन घाबरणारा माणूस बहुतेक दुसराच असतो.

दुपारी १२:१०

वसईच्या काकू, पॅक्लिटॅक्सेलचा पहिला डोस. काचेची बाटली, वेगळी नळी, मध्ये बारीक गाळणी. आधी डेक्सा, अविल, आम्लपित्ताचं इंजेक्शन. हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून केलेल्या द्रवात मिसळतात, आणि बऱ्याचदा अंगावर उठतं ते त्या द्रवामुळे. पहिली पंधरा मिनिटं मी रुग्णाची खुर्ची सोडत नाही, भले फोन वाजो.

सातव्या मिनिटाला काकू म्हणाल्या, "छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय." चेहरा लाल. औषध बंद, नवी सलाइन, ऑक्सिजन, डॉक्टर, हायड्रोकॉर्टिसोन. बीपी ९० पर्यंत उतरलं, पुन्हा वर आलं. पाऊण तासाने डॉक्टरांनी अगदी संथ गतीने पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि सगळी बाटली नीट गेली. काकूंनी माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही. बोटांना अंगठ्यांचे वळ उठले.

काकू सावरल्यावर त्यांना मी या औषधाची गोष्ट सांगितली. ते एका झाडाच्या सालीत सापडलं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या झाडाच्या. ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक मनसुख वाणी, जन्म १९२५, नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठातून शिकून गेले आणि नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्याबरोबर १९७१ मध्ये या औषधाची रचना प्रसिद्ध केली. त्याआधी १९६६ मध्ये याच दोघांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं होतं. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही मिळतं, आणि त्यापायी नरक्याची चोरटी तोड होत आली आहे. काकू म्हणाल्या, "नंदुरबारला माझी नणंद दिलीय." त्या क्षणापासून बाटली परकी राहिली नाही. परक्या वस्तूची भीती माणसाला फार असते, म्हणून मला अशा गोष्टी माहीत असाव्याशा वाटतात.

दुपारी २:३०

जेवण उभ्याने. मग वर्ग. बाहेरून सहा सिस्टर शिकायला आल्या आहेत. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर केंद्रं काढायचं जाहीर झालं. फार चांगली गोष्ट. रुग्णाचे प्रवासातले हाल मी रोज पाहते. पण खुर्च्या आणि पंप विकत मिळतात, काट्यावर उभं करून बाहीकडे बघणारी सिस्टर तयार करावी लागते. त्याला वेळ द्यायलाच हवा.

एकीने विचारलं, "ताई, आपल्याला पेशीचं एवढं कशाला? ऑर्डर तर डॉक्टर लिहितात."

मी तिला शेलारचा माग सांगितला. मागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. कामगार येतो, धागा जोडतो, माग पुन्हा चालू. समजा, ती थांबवणारी कळच बिघडली. धागा तुटलेला, तरी माग चालतोय, सदोष कापड वारेमाप गुंडाळलं जातंय. आपल्या पेशीतही अशी कळ आहे. पी-५३ नावाचा जीन. पेशी दुभंगण्याआधी डीएनए तपासतो. बिघाड असेल तर थांबवतो, दुरुस्त होत नसेल तर पेशीला मरायला लावतो. जवळजवळ निम्म्या कर्करोगांत ही कळ मोडलेली सापडते. दुसरीकडे, माग पळवणारं बटण दाबलं जाऊन अडकलं, असंही होतं. स्तनाच्या काही कर्करोगांत एचईआर-२ चं तसं होतं आणि ट्रॅस्टुझुमॅब नेमकं त्याच बटणावर बसतं.

जुनी किमोची औषधं इतकी नेमकी नाहीत. त्यांना वेगाने दुभंगणारी पेशी तेवढी कळते. पेशी दुभंगताना आत सुतासारखे धागे ताणले जातात, गुणसूत्रं दोन बाजूंना ओढायला. विन्क्रिस्टीन ते सूत कातूच देत नाही, पॅक्लिटॅक्सेल कातलेलं सूत उलगडू देत नाही. दोन्हींनी पेशी मध्येच अडकते आणि मरते. विन्क्रिस्टीन सदाफुलीतून येतं, आमच्या आईंच्या कुंडीतल्याच सदाफुलीतून. म्हणून 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' असं कोणी म्हणालं की मी तिच्याकडे बोट दाखवते. शिरेतून द्यायचं हे औषध चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर रुग्ण दगावतो. म्हणून ते सिरिंजमध्ये नाही, छोट्या सलाइन-पिशवीत भरायचं, म्हणजे कण्यात टोचायची चूक हातून होणंच कठीण.

मग वेगाने दुभंगणाऱ्या आपल्या चांगल्या पेशी कोणत्या? केसांच्या मुळांच्या, तोंडा-आतड्याच्या अस्तराच्या, हाडांतल्या मज्जेच्या. केस दोन-तीन आठवड्यांनी का जातात, तोंड का येतं, सगळं इथून कळतं. आणि मधला आठवडाही. तांबडी पेशी १२० दिवस जगते, म्हणून पांडुरोग सावकाश येतो. प्लेटलेट आठ-दहा दिवस. न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम दिवसभर. किमोने मज्जेचा कारखाना बंद पडला की आत आधीच तयार होत असलेला साठा आठवडाभर पुरतो, आणि सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्त जवळजवळ बिनफौजेचं होतं.

इथे मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं आणि तिघींना मोठ्याने वाचायला लावलं. पू व्हायलासुद्धा पांढऱ्या पेशी लागतात. म्हणजे या आठवड्यात जंतू शिरला तर गळू दिसणार नाही, लाली दिसणार नाही, खोकल्यात बेडका येणार नाही. ताप हीच एक खूण. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की तो साधा ताप नाही. रुग्णालयात यायचं, आल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. आणि आधी पॅरासिटामॉल घ्यायचं नाही, नाहीतर ती एकुलती एक खूणही पुसली जाते.

प्रश्न विचारणारी वहीत लिहीत होती. तिला मी घरी वाचायला दोन नावं दिली. डॉ. वसंत खानोलकर, ज्यांनी १९४१ मध्ये टाटा मेमोरियल सुरू झालं तेव्हापासून तिथे पॅथॉलॉजी उभी केली. आणि त्यांच्या विद्यार्थिनी, पुण्याच्या कमल रणदिवे, ज्यांनी मुंबईत काचेच्या बशीत पेशी वाढवायची देशातली पहिली प्रयोगशाळा काढली आणि स्तनाच्या कर्करोगाचं आनुवंशिकतेशी नातं असल्याचं मांडलं. आपल्याच भाषेत बोलणाऱ्या माणसांनी हे केलंय, हे या मुलींना कळायला हवं.

दुपारी ४:१५

शेवटचा तास घरी सोडण्याचा. ऑक्सॅलिप्लॅटिन झालेल्या दादांना पाच-सहा दिवस थंड पाणी, फ्रिजचा दांडा, दोन्ही वर्ज्य. घशात काटे टोचल्यासारखं होतं. प्रत्येकाला थर्मामीटर आहे का विचारते. नसेल तर कपाटातला देते, नातेवाईक चंदा काढून ते भरत असतात. वापरून दाखवायला लावते. निम्म्या लोकांना आकडा वाचता येत नाही, आणि ते लाजेने सांगत नाहीत.

रात्री ८:५०

कशेळीच्या पुलावर दीड तास गेला. घरी पोचून हातपाय धुतले, तोच मावशींच्या मुलाचा फोन.

"ताई, १०१.२. पण बाकी बरी आहे. जेवली पण. थोडी थंडी वाजतेय. गोळी देऊन सकाळी आणू का?"

"गोळी नको. आत्ता निघा. फाइल आणि सीबीसीचा कागद घ्या."

"आत्ता? गाडी नाय."

त्याच्या काकांचा टेम्पो आहे, हे पहिल्या भेटीतच माझ्या वहीत टिपलेलं. तो पडघ्यात उभा होता. मी कॅज्युअल्टीला फोन केला : स्तनाचा कर्करोग, पहिली सायकल, दिवस दहावा, ताप १०१.२, नऊ वाजता पडघ्याहून निघताहेत. रात्रपाळीच्या सिस्टरने खाट आणि ब्लड कल्चरच्या बाटल्या काढून ठेवते म्हटलं. ती गेल्या वर्षी माझ्या वर्गात होती.

आईंनी ताट वाढलं होतं. मी फोन उजव्या हाताशी ठेवून जेवले. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त देवघरातला दिवा पुन्हा तेल घालून लावला.

रात्री ११:२५

मेसेज आला : पोचल्या १०:२०. कल्चर घेतलं. अँटिबायोटिकचा पहिला डोस १०:५० ला गेला. न्यूट्रोफिल २१०. बीपी ठीक.

पाठोपाठ दुसरा : मावशी विचारताहेत, तुम्ही कधी येणार?

आठला, असं लिहिलं.